परतीचं पाणी

मोजणीवालीने पट्टी पुन्हा एकदा कुंडात सोडली. आकडा तोच आला, कालच्यापेक्षा दोन बोटं कमी.

"काय गं, झरा रुसलाय का?" मावशीने न्हाणीघराच्या दारातून विचारलं.

"थंडीचं होतं असं," ती म्हणाली, आणि मान खाली घालून वहीत आकडा लिहू लागली.

दोन आठवडे ती हेच सांगत होती. गावाखालच्या गरम पाण्याचा प्रकल्प सुरू झाल्यापासून झऱ्याची पातळी रोज मोजणं हे तिचं काम. बोअरमधून उपसलेलं पाणी नळांतून शाळेला, दवाखान्याला आणि भाजीच्या शेडना ऊब देत फिरायचं. निवलेलं पाणी दुसऱ्या बोअरने परत जमिनीत सोडायचं ठरलं होतं. पण दुसरी बोअर निम्म्यावर अडकली, आणि पाणी सरळ नाल्यात जाऊ लागलं. "दोनच महिने," इंजिनियर म्हणाला होता. आता पाचवा चालू होता.

आईमागे मावशीनेच तिला वाढवलं होतं, याच झऱ्यावरच्या न्हाणीघराच्या जिवावर. चार दगडी टाक्या होत्या आणि गुडघे धरून येणारी म्हातारी माणसं. सगळं कळत असून ती मूग गिळून गप्प बसली होती, कारण तिची आठ वर्षांची लेक दम्याची होती. शाळेतल्या कोळशाच्या शेगड्या गेल्या आणि या थंडीत पोरीला एकदाही धाप लागली नव्हती.

आठवडाभरात मावशीने दोन टाक्या बंद केल्या. त्यानंतरच्या सकाळी मोजणीवाली पट्टी घेऊन आली, तर कुंडातून खरवडल्याचा आवाज येत होता. अडुसष्ट वर्षांची मावशी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून फावड्याने तळ उकरत होती. चेहरा लालबुंद झाला होता.

"गाळ साचला असेल," ती धापा टाकत म्हणाली. "माझंच दुर्लक्ष झालं. गेल्या वर्षीच उपसायला हवा होता."

"मावशी, वर ये आधी."

"एवढा कोपरा राहिलाय."

"गाळ नाहीये. पाणी आम्ही ओढतोय, बोअरने."

फावडं थांबलं. "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"तीन आठवडे," ती म्हणाली. "पोरीला या थंडीत बरं आहे गं."

"म्हणून गप्प बसलीस," मावशी म्हणाली. मोजणीवालीने हात पुढे केला होता, तो न धरताच मावशी पायऱ्या चढून आत गेली.

मोजणीवाली तशीच इंजिनियरच्या खोलीवर गेली आणि वही त्याच्यापुढे उघडून ठेवली. त्याने एकेक पान उलटलं. माणूस वाईट नव्हता, पण कटकट पुढे ढकलायची त्याला खोड होती.

"उपसा निम्म्यावर आणा," ती म्हणाली. "परतीची बोअर होईपर्यंत."

"शाळा गारठेल. तुझी लेक तिथेच आहे ना? पुन्हा शेगड्या काढायला लागतील."

"शेगड्या नकोत. शेड बंद करा. दवाखान्याला पूर्ण द्या, शाळेला कोमट पुरे."

"शेडवाले माझ्या नावाने खडे फोडतील." त्याने डोळे चोळले. "वरचे लोक विचारतील, तीन आठवडे का बोलली नाहीस."

"सांगेन. आणि नाला पाच महिने वाहतोय, तेही सांगेन."

त्याने वही मिटली. मग उठून त्याने व्हॉल्व्हच्या किल्ल्या घेतल्या.

शेडमधली टोमॅटोची रोपं चार दिवसांत काळी पडली. ती लावणारी शेजारीण मोजणीवालीशी बोलेनाशी झाली. शाळेत मुलं कोट घालून बसू लागली. लेक घरी आली की दप्तर उतरायच्या आत ती तिच्या पाठीला कान लावायची. दोनदा आतून बारीक शीळ ऐकू आली, तेव्हा तिने पुन्हा कान लावला. लेक मात्र वैतागून म्हणाली, "आई, गुदगुल्या होतात."

पातळी अकरा दिवस उतरतच राहिली, रोज जरा कमी. बाराव्या दिवशी थांबली. सलग पाच दिवस आकडा हलला नाही, तेव्हा ती मावशीसमोर जाऊन उभी राहिली. मावशी उरलेल्या दोन टाक्यांसाठी पाळ्या लावत होती. इतके दिवस तिने हिच्याशी कामापुरतंसुद्धा तोंड उघडलं नव्हतं.

"वर आलं का पाणी?"

"नाही. खाली जायचं थांबलंय. दुसरी बोअर महिन्याभरात होईल म्हणतात."

"आणि झाल्यावर?"

"इंजिनियर म्हणतो, वर्षभरात भरेल." ती अडखळली. "मला माहीत नाही, मावशी."

मावशीने एका आजोबांच्या हातात पंचा दिला आणि त्यांना आत सोडलं.

"उद्या मोजायला येशील तेव्हा हाक मार," ती म्हणाली. "पट्टी मी धरेन."