दाराने घेतलेलं नाव

ग्रोनिंगन शहरातल्या त्या घराचा पत्ता कुठेही छापलेला नव्हता. मारहाणीतून सुटून आलेल्या बायका तिथे मुलाबाळांसह राहत. घर सांभाळणारी यान्तिना प्रत्येकीला आल्याआल्या एकच गोष्ट बजावायची: आपण कुठे आहोत हे सख्ख्या आईलाही सांगायचं नाही.

वसंतात तिने दाराला चेहरा ओळखणारं कुलूप बसवून घेतलं. किल्ल्या हरवायच्या, मग सगळी कुलपं बदलावी लागायची. चेहरा काही हरवत नाही, म्हणून ती निर्धास्त झाली. बायकांनाही गंमत वाटली. पावडर लावल्याशिवाय हे दार आपल्याला घरात घेत नाही, इतका चोखंदळ तर आपला नवराही नव्हता, असं त्यांच्यातली बेप म्हणाली तेव्हा स्वयंपाकघरात बऱ्याच दिवसांनी हशा पिकला.

लेवार्डनहून लेकीला घेऊन आलेली फ्राउक्ये मात्र कुलपाच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहीना. ती तोंड फिरवून घंटा वाजवायची आणि कुणी दार उघडेपर्यंत थांबायची. असं रस्त्यावर ताटकळण्यातच जास्त धोका आहे, हे यान्तिनाने तिला परोपरीने समजावलं.

"पासवर्ड फुटला तर बदलता येतो," फ्राउक्ये म्हणाली. "चेहरा फुटला तर मी काय करू?"

"अगं, फोटो ठेवतच नाहीत ते. नुसते आकडे असतात."

कंपनीच्या माणसाने यान्तिनाला तसं सांगितलं होतं. ते आकडे कुठे ठेवतात, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

एकदा बोचऱ्या वाऱ्यात लेक दारातच कुडकुडायला लागली आणि फ्राउक्येचा नाइलाज झाला. यान्तिना तिला नोंदीसाठी दारापाशी घेऊन गेली. अजून तिचं नावही टाकलं नव्हतं. फ्राउक्येने मान वर केली मात्र, कुलपाचा छोटा पडदा उजळला, त्यावर तिचं पूर्ण नाव उमटलं आणि दार उघडलं.

यान्तिनाला वाटलं, हिने आधीच गुपचूप नोंद केली असावी. पण फ्राउक्येचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे आडनाव माझ्या नवऱ्याचं, डाउवेचं आहे," ती म्हणाली. "इथे मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याची व्यायामशाळा आहे, यान्तिना. तिथल्या दाराला असंच कुलूप आहे, त्यात माझा चेहरा आहे."

यान्तिनाने कुलपाची वायर उपटली आणि कंपनीला फोन लावला. पलीकडून कंपनीचा रुटखर अगदी शांतपणे सांगत होता की सगळ्या ग्राहकांचे चेहरे एकाच साठ्यात असतात, त्यामुळे एकदा नोंद झालेला माणूस सगळीकडे ओळखला जातो, लोकांना ते सोयीचं पडतं. मग व्यायामशाळेच्या मालकाला काय दिसतं, असं तिने विचारलं. तो जरा घुटमळला.

"शेवटचं दार कुठलं उघडलं, ते दिसतं. गाव आणि रस्ता."

नोंद आत्ताच्या आत्ता पुसतो, असं तो म्हणाला. तेवढ्यात कुणी ती पाहिली का, हे मात्र त्याला सांगता येईना.

संध्याकाळच्या आत मायलेकींना दुसऱ्या गावच्या अशाच एका घरी हलवायचं ठरलं. कुठलं गाव, हे यान्तिनालाही कळवलं गेलं नाही. मुलीचे बूट पिशवीत भरताना यान्तिनाने माफी मागितली. फ्राउक्येने बोल लावला नाही. पिशवीची चेन ओढत ती एवढंच म्हणाली, "तुमच्या मनात वाईट नव्हतं, मला माहीत आहे. पण पुढच्या बाईच्या गळी असं काही उतरवू नका."

रात्रीच्या जेवणाआधी यान्तिनाने उरलेल्या बायकांना सगळं खरं सांगितलं. दोघींनी घर बदललं. बेप तिथेच राहिली. यान्तिनाने तक्रार केली, कंपनीला तो सामाईक साठा मोडावा लागला. पुढे दुसरं कुलूप आलं. त्यात प्रत्येकीच्या चेहऱ्याची नोंद तिच्याच पर्समधल्या कार्डावर असते. दार तेवढ्यापुरतं ताडून पाहतं आणि स्वतःजवळ काही ठेवत नाही. जिला तेही नको, तिला साधी किल्ली मिळते. का, असं तिला कुणी विचारत नाही.

डाउवे कधीच आला नाही. त्याने पाहिलंच नव्हतं, की पाहूनही आला नाही, हे कळायला मार्ग नव्हता. कित्येक आठवडे रस्त्यावर गाडी थांबली की यान्तिना हातातलं काम टाकून खिडकीशी जायची.

मायलेकी सुखरूप पोहोचल्याचं त्या दुसऱ्या घरातून कुणीतरी फोनवर कळवलं होतं. गावाचं नाव बोलण्यात आलं नाही. ते विचारावं असं यान्तिनाच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिने आभार मानले आणि फोन ठेवून दिला.