प्रेरणाताईचं उत्तर

धावजी राठोड फुलसावंगीहून ढाणकीला आला तो थेट भगवानरावांच्या कृषी केंद्रात. काउंटरवर भगवानरावांची थोरली सून प्रेरणा बसली होती. त्यानं हातातली पिशवी उलटी केली आणि पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, दहा-बारा रोपं तिच्यासमोर पडली. शेंडे पिवळे, पानं आखडलेली, सगळ्यांनी माना टाकलेल्या.

तणनाशकानं गेलीत, हे प्रेरणाला बघताक्षणी कळलं. कोणत्या दुकानदारानं हा उद्योग केला, असं ती विचारणार, तेवढ्यात धावजीच बोलला.

"ताई, तुम्ही सांगतलं तेच मारलं. दोन एकर गेलं."

तिला वाटलं, माणसाचा काहीतरी घोळ होतोय. त्याला ती आज पहिल्यांदाच बघत होती. धावजीनं मोबाइल पुढे धरला. तिचंच पेज, तिचाच फोटो. खाली धावजीचा प्रश्न, गवत लय झालं, कोणतं औषध मारू? सोबत शेताचा फोटो. त्याखाली उत्तर होतं. "नमस्कार धावजीदादा, काळजी करू नका," मग एका तणनाशकाचं नाव, पंपाला किती घ्यायचं ते माप, शेवटी जोडलेले हात. शब्द न् शब्द तिचा. सोयाबीनसाठी ती हेच सांगायची. पण फोटोत पऱ्हाटी होती, शेंबड्या पोरालाही दिसली असती. आणि हे उत्तर तिनं लिहिलंच नव्हतं.



यवतमाळहून शेतकीची पदवी घेऊन आलेल्या प्रेरणानं तीन वर्षांपूर्वी हे पेज काढलं ते दुकान चालावं म्हणूनच. पण जाहिरात तिनं कधी टाकली नाही. लोक किडलेल्या पानांचे फोटो टाकत, ती रोज दुपारी बसून एकेकाला उत्तर देई. पीक कोणतं, किती दिवसांचं, हे कळल्याशिवाय औषधाचं नाव काढत नसे. पुष्कळदा तर काहीच मारू नका म्हणून सांगे. भगवानराव आधी कुरकुरले, अशानं धंदा व्हायचा कसा? पण जी नको तेव्हा नको म्हणते तिच्याकडूनच माल घ्यावा, असं लोकांना वाटू लागलं, आणि महागाव तालुक्यातूनही गिऱ्हाईक येऊ लागलं. पेजवर अकरा हजार लोक झाले. उत्तरं आवरेनात. तेव्हा धाकटा दीर नयन म्हणाला, आपोआप उत्तर देणारं मशीन जोडून देतो. नमस्कार, दुकानाची वेळ आणि पत्ता, एवढंच ते सांगेल असं ठरलं होतं.

नयन आतून आला. त्याचा चेहरा बघूनच ती समजली. एकोणीस दिवसांपूर्वी त्यानं तिची सगळी जुनी उत्तरं त्या मशीनला शिकवून टाकली होती. उत्तर लवकर गेलं की लोक खूश राहतात, असं त्याचं म्हणणं. मशीन शब्द वाचत होतं, फोटो त्याला दिसत नव्हता.

धावजी भांडला नाही, हेच प्रेरणाला सोसेना. रोपं परत पिशवीत भरता भरता तो म्हणाला, "आमच्या गावचा दुकानदार नाही म्हणत होता. हे पऱ्हाटीचं नोहे, जळंल म्हणे. मंग म्या त्याले तुमचं उत्तर दाखवलं, तवा देल्लं त्यानं."

प्रेरणा काउंटरमागून बाहेर आली. उत्तर मशीननं दिलं, पण पेज माझं आणि चूकही माझीच, असं तिनं त्याला तिथंच सांगितलं. मशीन बंद करायला लावलं आणि नयनच्या गाडीवर बसून ती त्याच दुपारी फुलसावंगीला गेली. धावजीची बायको रुपीबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी होती. तिनं जळलेल्या तासांकडे नुसतं बोट केलं. जुलैचा दुसरा आठवडा होता, तूर अजून पेरता येत होती. बियाणं दुकानातून गेलं आणि नयन दोन दिवस त्यांच्यासोबत पेरायला राबला.

जळलेल्या शेतात उभं राहूनच प्रेरणानं व्हिडिओ केला. काय झालं ते सगळं सांगितलं, एकोणीस दिवसांतल्या एकाही उत्तरावर फवारू नका म्हणाली. पुष्कळांनी शिव्या घातल्या, काही पेज सोडून गेले. मग तिनं औषध विचारणाऱ्या साठेक जणांना एकेक करून फोन लावले. बहुतेकांनी अजून फवारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उरलेली उत्तरं वाचताना तिला उकंडा नावाचा एक म्हातारा सापडला. त्यानं पिकाबद्दल काहीच विचारलं नव्हतं. त्याची बायको मथुराबाई यवतमाळला दवाखान्यात होती, आणि तो रोज सकाळी तिची खबर लिहीत होता. आज ताप उतरला. खूप छान उकंडादादा, असं उत्तर. आज बोलत नाही. काळजी घ्या दादा. मग एका सकाळी, मथुरा गेली. त्याखाली प्रेरणाच्या नावानं लिहिलं होतं, "धन्यवाद दादा, आणखी मदत लागल्यास कळवा."

तिनं ते दोनदा वाचलं.  मग तिनं फोन लावला. उकंडानं व्हिडिओ पाहिला नव्हता. तिनं काही न लपवता सांगितलं.



"मंग इतके दिवस म्या कोणासंग बोलून राह्यलो?"

 त्यानं फोन ठेवला नाही, तिनंही नाही. शेवटी तिनं हळूच विचारलं, "बाबा, मथुराबाई कशा होत्या?"

आणि उकंडा थांबत थांबत सांगू लागला.