आजीच्या बैठकीचं लुगडं

या बायांनो, अशा जवळ सरकून बसा. टाळ जरा पदराखाली झाकून ठेवा, कारण ज्या लेकराची गोष्ट सांगायची आहे, त्याला टाळ सोसत नाहीत. बुवांना यायला अजून अवकाश आहे, तोवर आपल्या हट्टा गावातल्याच एका घरात घडलेलं सांगते. पुराणातलं नाही, पण ऐकता ऐकता हात आपोआप जोडले जातील, एवढा शब्द देते.

मिनाची अनुश्री बारा वर्षांची, सातवीला. घरात सगळे अनू म्हणतात. देवानं या लेकीला कान दिले दुपटीचे आणि कातडी दिली कांद्याच्या पापुद्र्याएवढी. शेजारच्या खोलीतला पंखा तिला या खोलीत ऐकू यायचा. फ्रॉकच्या मानेमागचं लेबल तिला दिवसभर चावायचं. मोजे घालायची ते उलटे, शिवण बाहेर करून. पोरं हसायची, ती मोजेच काढून टाकायची. मिनानं तिला नांदेडला दाखवलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार नाही हा. हिला जग जरा जास्त लागतं, एवढंच." मिनानं ते वाक्य देवघरातल्या अंगाऱ्यासारखं जपून ठेवलं.

पण अनूचे दोन आनंद होते. एक पखवाज. टाळ वाजले की कान झाकायची, पण पखवाजाचा तो भरदार, खालचा आवाज पोटात उतरला की तिचं सगळं अंग शांत व्हायचं. सप्ताहात मांडवाच्या खांबाला पाठ लावून ती पखवाजापाशी बसायची. दुसरा आनंद शाळेचा फळा. तिसरीपासून रोज साडेदहाला फळ्यावर तारीख, वार आणि आदल्या दिवशीचा पाऊस लिहायचं काम तिच्याकडे. भर माघातसुद्धा ती मन लावून लिहायची, 'पाऊस : शून्य'. मागच्या वर्षी तापात एक दिवस चुकला, तर आठवडाभर तिला घास गोड लागला नाही.

मिनाला घोर लागायचा तो इथंच. पोरगी आता वयात येणार. जिला मोज्याची शिवण सोसत नाही, तिला पाळीचं कापड कसं सोसावं? महिन्याचे चार दिवस घरी राहिली, की फळा दुसऱ्याच्या हाती जाणार. फळा गेला की हिचा शाळेतला जीव जाणार, आणि मग शाळाच सुटणार. एका शहाण्या नातेवाईक बाईनं तर सांगून टाकलं, "पिशवीच काढून घ्या, कटकट मिटेल." मिनानं तिच्यापुढचा चहाचा कप अर्धा असतानाच उचलला.

आणि पाळी यायच्या सहा महिने आधीच ती कामाला लागली.

मोरीच्या दाराला आतून तिनं पाच चित्रं लावली. पहिल्यात लाल डाग. दुसऱ्यात आईला सांगायचं. तिसऱ्यात धुवायचं, कापड घालायचं. चौथ्यात शाळा, मधली सुट्टी, कापड बदलायचं, आणि तिथं कापडं दोन काढलेली, एक अंगावरचं, एक दप्तरातलं. पाचव्यात वापरलेलं धुऊन उन्हात. रक्ताची भीती बसू नये म्हणून बीट किसून त्याच्या रसाचे डाग पाडून दाखवले. अनूनं डाग मोजले, धुतले, पुन्हा पाडा म्हणाली. सगळं जमलं, एक कापड सोडून.

दुकानातलं पॅड उघडताना प्लास्टिक चरचरलं, वर अत्तराचा वास. अनूनं ते मोरीच्या बाहेर भिरकावलं आणि धान्याच्या कोठीमागं जाऊन कान झाकून बसली, ती दिवस कलेपर्यंत.

मग आल्या पार्वतीबाई. अनूची आत्या, तिच्या वडिलांची, नचिकेतरावांची थोरली बहीण, राहायला शिरड शहापूरला. मिना त्यांना अक्का म्हणते. जिभेच्या तिखट, पण कीर्तन लागलं की डोळ्यांतून धार. भाचीसाठी त्या पांढरं कोरं कापड घेऊन आल्या होत्या. मिना म्हणाली, जुनं मऊ काही बघू का, तर अक्का उसळल्या.

"पोरीचं पहिलंवहिलं, आणि त्याला जुनेर? भिकारी आहोत का आपण? नवं कोरं पाहिजे!"

प्रेमानंच बोलल्या हो. आपल्याकडं लेकराच्या मानाचं म्हटलं की नवं लागतंच. मिनानं ते कापड तीनदा उकळलं, सहा वेळा धुतलं, घड्या घालून दिलं. अनूनं हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं.

"हे ओरडतंय," ती म्हणाली.

तेव्हा मिना गेली विहारामागं राहणाऱ्या चांगुणाबाईकडं. अर्ध्या गावाच्या गोधड्या या बाईच्या हातच्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली जुनेराचे ढीग, आणि मधे चांगुणाबाई, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सगळं ऐकून ती हसली.

"नवं कापड? माय, माय! नवं कापड अंगाशी भांडून राहतंय. त्याला सबुरी शिकवायची तर वीस वर्सं पाण्यात घालावं लागतंय. काहून त्या लेकराला तकलीफ देता? चल, मला पोरगी दाखव."

पोरीला तिनं हातसुद्धा लावला नाही. दोन दुपारी नुसती उंबऱ्यात येऊन धावदोरा घालत बसली, बोलली नाही, की विचारलं नाही. तिसऱ्या दुपारी अनू आपली गोधडी ओढत आपणहून जवळ येऊन बसली. चांगुणाबाईनं चष्म्यावरून पाहिलं. लेकराचा अंगठा गोधडीच्या एकाच कोपऱ्यावर फिरत होता.

"मिनाबाई, ही गोधडी माझीच. बाकी सगळे साटीनचे, टेरिकॉटचे तुकडे. पर या कोपऱ्यात तुमच्या सासूबाईचं जुनेर हाय, अनुसूयाबाईचं. पोरीनं बराबर हुडकलं बघ."

अनूला विचारून तिनं तो कोपरा उसवला. कापड जेमतेम एकाला पुरेल एवढं. "येगळं ठेवायचंच कशाला? सरकलं की टोचणार. चड्डीतच शिवून टाकू." सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्या, गाठसुद्धा आत येऊ दिली नाही. अनूनं घातलं. अंगणात तीन चकरा मारल्या. थांबली, मान वाकडी करून ऐकल्यासारखं केलं.

"हे गप्प आहे."

मिनानं भिंतीकडं तोंड करून पदरानं डोळे टिपले.

पण एकानं कसं भागणार? चित्रात दोन होती. चांगुणाबाईनं गावभरची जुनेरं आणून दाखवली. "हे कुजबुजतंय," अनू म्हणायची, आणि परत द्यायची. अनुसूयाबाईंचं अजून एकच लुगडं उरलं होतं, ते अक्कांच्या पेटीत. आणि ते काही साधं लुगडं नव्हतं. अनुसूयाबाई ते नेसून जन्मभर कीर्तनाला बसल्या. त्या गेल्यापासून सहा वर्षं अक्का सप्ताहाला येताना ते घडी करून आणायच्या, बायकांच्या रांगेत आपल्या शेजारी अंथरायच्या आणि तिथं कुणाला बसू द्यायच्या नाहीत. आईची बैठक! एकादशीच्या एकादशीला धुऊन, वाळवून पुन्हा पेटीत.

माघातल्या सप्ताहाला अक्का आल्या, तेव्हा मिनानं धीर करून विचारलं. अक्कांनी सोबत आणलेली पेटी जवळ ओढली.

"ज्या लुगड्यानं हरिनाम ऐकलं, ते विटाळाला लावू? तुझी जीभ कशी रेटली गं?"

मिनानं विषय तिथंच सोडला. अक्कांचंही दुखत होतंच ना.

सप्ताहाचा तिसरा दिवस, मंगळवार. सकाळी साडेसातला अनू मोरीतून बाहेर आली आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "आई, पहिलं चित्र झालं. आता दुसरं करून राहिले."

बायांनो, आपल्या वेळी आपण काय केलं होतं, आठवा. कुणी माळ्यावर लपलं, कुणाला वाटलं आता मरतो. आणि हे लेकरू! धुतलं, गप्प कापड घातलं, वेणी घालून घेतली, दप्तर पाठीला लावलं. मग चौथ्या चित्रासाठी हात पुढं केला. "दुसरं?"

मिनानं नव्या कापडाचं दिलं. अनूनं बोट लावून पाहिलं आणि खाली ठेवलं. उंबऱ्यात बसली, दप्तर पाठीवर तसंच. गोधडी मांडीवर ओढली आणि अंगठा त्या उसवलेल्या कोपऱ्यात घातला, जिथं आता काहीच नव्हतं.

"दुसरं नाही. दुसरं नाही. आज मंगळवार. पाऊस शून्य. दुसरं नाही."

आरडाओरडा नाही. नुसती डुलत होती, आणि डोळ्यांतून पाणी.

अक्का म्हणाल्या, "राहू दे ना घरी. चार दिवस बसली तर काय बिघडतं? आम्ही नाही बसलो? आणि माघात पाऊस शून्य हे काय हिनं सांगायला पाहिजे?"

"अक्का," मिना म्हणाली, आवाज चढवला नाही, "रक्त बघून ती रडली नाही. सहा महिने शिकली, ते सगळं बराबर केलं. आज घरी बसली, तर तिला एवढंच कळेल की शिकूनही बसावंच लागतं. मग पुढच्या महिन्यात कशाला उठेल ती?"

अक्कांची नजर उंबऱ्याकडं वळली. त्या अनूच्या अंगठ्याकडं बघत होत्या. मग हळूच उंबऱ्याशी टेकल्या.

"आई अशीच करायची," त्या म्हणाल्या. "टाळ चढले की पदराचा कोपरा अंगठ्यानं घासत बसायची. कानांत कापसाचे बोळे घालायची आणि पखवाजाच्या बाजूलाच जागा धरायची. आम्ही बहिणी हसायचो तिला. म्हणायचो, कीर्तनाला येतेस आणि कान बंद करून बसतेस, देवाला फसवतेस का?" पदर डोळ्यांना लावला. "तिलाही जग जास्तच लागत असेल का गं? कधी बोलली नाही. कुणी विचारलंच नाही तिला."

उठल्या, पेटी उघडली, घडी काढून मिनाच्या हातात दिली. "चांगुणाला बोलाव. लवकर."

चांगुणाबाई भाकरी टाकायची सोडून पिठाच्या हातानं आली. अनूच्या हातात आधी लुगड्याचं टोक दिलं. अनूनं ते गालाला लावलं आणि डुलायची थांबली.

कात्री उघडून चांगुणाबाईनं विचारलं, "अक्का, कापू का? एकदा कापलं की माझ्याच्यानं जुळायचं न्हाई."

"काप. काठ मात्र मला ठेव."

मशीन खडखडतं म्हणून चांगुणाबाई हातानं शिवायला बसली, आणि अक्का, ज्यांनी कधी कुणाच्या हाताखाली काम केलं नाही, त्या सुईत दोरा ओवून देऊ लागल्या.

"लई लांब दोरा घेता तुमी," चांगुणाबाई म्हणाली. "गाठी पडतील. कीर्तन लांबलेलं बरं, दोरा न्हाई."

"हातातलं कर गं तू! मला शिकवू नकोस."

"शिकवून न्हाई राहिले, अक्का. नोकरीवर ठेवून राहिले."

सहा वर्षांत पहिल्यांदा अक्का त्या लुगड्याशेजारी बसून हसल्या.

दहा वाजून वीस मिनिटांनी दुसरं तयार झालं, दप्तरात गेलं. साडेदहाची घंटा झाली, तेव्हा अनू कानांवर हात ठेवून शाळेच्या फाटकात होती. मिना बाहेरून बघत राहिली. फळा कोरा होता. अनूनं खडू घेतला, तारीख घातली, वार घातला आणि नेहमीच्या गोल अक्षरात लिहिलं, 'पाऊस : शून्य'. मधल्या सुट्टीत आपली आपण जाऊन बदलून आली. घरी आल्यावर धुतलं, आणि अंगणातल्या दोरीवर, सगळ्यांदेखत, चांगल्या उन्हात वाळत घातलं. अक्का त्यावर दुसरा कपडा झाकायला निघाल्या होत्या. तेवढ्यात अनू म्हणाली, "पाचवं चित्र. उन्हात." अक्का हातातला कपडा घेऊन आत गेल्या.

त्यांच्या मनात पाच सवाष्णी बोलावून ओटी भरायचं होतं. ते झालं, पण तीनच बायांत, बिनगाण्याचं. आणि बांगड्या वाजू नयेत म्हणून अक्कांनी आपल्या कोपरापर्यंत सारून वर रुमाल बांधला होता. चांगुणाबाईला खोबऱ्याची वाटी दिली, तर ती म्हणाली, "आमच्यात असलं काई नसतंय बरं का, अक्का. पर खोबऱ्याशी माझं भांडण न्हाई."

संध्याकाळी मांडवात कीर्तन उभं राहिलं. अक्का आपल्या जागी बसल्या. शेजारी आज लुगडं नव्हतं, नुसती सतरंजी. अनू मांडवाच्या कडेला घुटमळली. पुढच्या बाईनं वळून पाहिलं आणि कुजबुजली, "अहो पार्वतीबाई, आज ही? आज कशी चालेल?"

दोनच दिवसांआधी विटाळ म्हणून उसळलेल्या त्याच अक्का. त्यांनी अनूसाठी सतरंजीवर हात फिरवून जागा केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आईचं लुगडं सहा वर्षं इथंच बसतंय. आजही इथंच बसलंय. तुम्ही कीर्तनाकडं तोंड करा."

अनूच्या कानांत कापसाचे बोळे होते. पखवाजावर पहिली थाप पडली, तसा तिनं तळहात जमिनीवर टेकवला आणि डोळे मिटले. अक्कांनी हातातला लुगड्याचा काठ अंगठ्यानं घासत तिच्याकडं पाहिलं. त्या दिवशी बुवांनी काय निरूपण केलं, ते अक्कांना विचारू नका. त्यांचं कीर्तन सकाळीच होऊन गेलं होतं.

ते बघा, बुवा आले. टाळ घ्या आता, पण वाजवताना खांबाशी कोण बसलंय ते बघून, हलक्या हातानं. आणि एवढं करा माझ्यासाठी. रात्री गोधडी अंगावर ओढाल, तिच्यातला एखादा तुकडा फार मऊ लागेल, तेव्हा शिवण बाहेरून घेणाऱ्या चांगुणाबाईची आठवण काढा.