जाजमाखालची पायरी

गिरगावातल्या त्या जुन्या लाकडी इमारतीत कुठलीही गोष्ट दुरुस्त करण्याआधी झाकण्याची पद्धत होती. भिंतीला ओल आली की तिथे कॅलेंडर लागे. आणि दुसऱ्या मजल्याची फुटकी पायरी सोसायटीच्या सत्यनारायणाच्या दिवशी लाल जाजमाखाली गेली. पाहुण्यांना दिसू नये म्हणून! ते जाजम सेक्रेटरी अच्युतरावांनी स्वतः अंथरलं होतं.

त्याच जाजमावरून दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या राजलक्ष्मीबाई पडल्या. उजवं मनगट मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली. पण बोटं काही पूर्वीसारखी वळेनात. बाई पेटी शिकवत. रोज संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या खोलीतून सूर निघत आणि वरच्या मजल्यावर अच्युतराव पुस्तक उघडून गॅलरीत बसत. पत्नी गेल्यानंतरच्या सगळ्या संध्याकाळी त्यांनी त्या सुरांवर काढल्या होत्या. बाईंना हे कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? आता चार महिने नुसते पाच वाजत होते, दुसरं काही वाजत नव्हतं.

बाईंनी भरपाई मागितली आणि इमारत तापली.

"काका, उद्या सभेत एकच बोलायचं," शनिवारी दुपारी खजिनदार उन्मेष येऊन म्हणाला. "पायरी फुटल्याचं बाईंचं पत्र आधी आलंच नव्हतं. फिनिश."

"आलं होतं रे. फाइलमध्ये आहे."

"मग फाइल सापडत नाही! अहो, सगळ्यांचा मेंटेनन्स वाढेल. आणि आपल्याच माणसांवर कोणी केस करतं का? पूजेच्या दिवशी त्यांना मुद्दाम पाडलं का कोणी? नशीब, दुसरं काय! वर्गणी काढू, स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देऊ."

अच्युतरावांनी नुसती मान हलवली. जन्मभर त्यांना तेवढं एक चांगलं जमत आलं होतं.

उन्मेष गेला आणि थोड्या वेळाने नम्रता आली. लहानपणी ती परळच्या चाळीतून बाईंकडे पेटी शिकायला यायची. आता वकील झाली होती, बाईंची बाजू तीच बघत होती.

"काका, बाईंच्या पत्राची प्रत हवी होती."

"नम्रता, मी मुद्दाम नाही गं केलं काही."

"माहीत आहे. पण कायदा इथे तुमचा हेतू विचारत नाही. जिना कोणाच्या ताब्यात? सोसायटीच्या. मग तो धड ठेवायचा कोणी? सोसायटीनेच. पायरी फुटलीय हे ठाऊक होतं, तरी ती दुरुस्त केली नाही, वर झाकली. म्हणून बाई पडल्या. यात नशीब कुठे आलं मधे?"

"लोक म्हणतात, खाली बघून चालायला हवं होतं."

"जाजमाखालचं कसं बघणार? पायरी उघडी असती, तर मीही म्हटलं असतं की बाईंची थोडी चूक आहे, तेवढी भरपाई कमी करा."

"पण पैशाने हात बरा होणार आहे का?"

"नाही होणार. पडण्याआधी बाई जिथे होत्या तिथे त्यांना परत नेता आलं असतं, तर पैसे मागितलेच नसते कोणी. ते जमत नाही, म्हणून पैशाने जेवढं जवळ नेता येईल तेवढं न्यायचं. उपचार, बुडालेल्या शिकवण्या. आणि काका, वर्गणी म्हणजे दया. ती घेताना मान खाली जाते. भरपाई हक्काची असते."

ती प्रत न घेताच "उद्या भेटू" म्हणून गेली. पाच वाजले. खालून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. अच्युतराव गॅलरीत जाऊन उभे राहिले. भाता हलला. सा लागला, रे लागला. पुढचा सूर दोनदा चुकला. मग झाकण मिटलं, अगदी हलकेच, कोणाला ऐकू जाऊ नये असं.

"अरे देवा! हे मी केलं!"

रविवारी सकाळी सभेत ते फाइल घेऊन उभे राहिले.

"पत्र आलं होतं. एक नाही, दोन. खर्च पुढच्या वर्षी बघू म्हणून मी उत्तर दिलं नाही. जाजमही मीच अंथरलं. बाई नशिबाने पडल्या नाहीत, आमच्या हलगर्जीपणाने पडल्या!"

"मग द्या तुमच्या खिशातून!" उन्मेष ओरडला.

"माझा वाटा पहिला घ्या. पण मी सेक्रेटरी म्हणून चुकलो. भरपाई सोसायटीने द्यायला हवी."

तिसऱ्या मजल्यावरच्या कौसल्याबाई म्हणाल्या, "माझा नातू त्याच पायरीवरून धावतो रोज. तो पडला असता तर मी नशीब म्हटलं असतं का रे, उन्मेष?"

उन्मेष खाली बसला. कोर्टकचेरी न करता भरपाई देण्याचा ठराव झाला.

सभा संपल्यावर अच्युतराव बाईंच्या दारात गेले. "बाई, माझी चूक झाली."

"माफी स्वीकारते, अच्युतराव. भरपाईही घेईन. मला दोन्ही हवं होतं."

"संध्याकाळी मी वर बसून ऐकायचो..."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "वर तुमची खुर्ची सरकल्याशिवाय मी सुरू करत नसे."

मंडळी, काही गोष्टी कुठल्याच भरपाईने परत येत नाहीत. म्हणून तर त्या मोडण्याआधी जपायच्या. आणि आपल्या हातून मोडल्याच, तर 'मुद्दाम केलं नव्हतं' म्हणून आपण सुटत नाही. जेवढं जोडता येईल तेवढं जोडून देणं हे आपलं कर्तव्य आहे, उपकार नव्हे. हे कळायला अच्युतरावांना चार महिने लागले. आपल्याला तेवढे लागू नयेत!