पाऱ्याची थरथर

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. लोखंडी पेटी, तिच्या झाकणात उभी काचेची नळी, नळीत पारा आणि रबरी फुग्याला जोडलेला कापडी पट्टा, एवढाच माझा संसार. मित्रांनो, मला कोणाची भीड नाही. दाब जितका, तितकाच माझा पारा चढतो. तरीही एका सकाळी माझ्यावर खोटेपणाचा आळ येता येता राहिला.

कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी माझी प्रत्येक रेघ तपासली गेली होती. पुढे सत्तावीस वर्षे मी एका सिस्टरांच्या हाताखाली रुग्णालयात राबलो. निवृत्तीनंतर त्यांनी मला शेजारच्या मुलीच्या स्वाधीन केले. तिला डॉक्टर व्हायचे होते आणि तिच्या वडिलांचा रक्तदाब काही केल्या उतरत नव्हता.

"आधी मनगटाची नाडी धरायची," सिस्टरांनी बजावले. "पट्टा फुगवत जायचं. नाडी बोटाखालून गेली की आणखी तीस वर. मगच कानाला स्टेथोस्कोपच्या नळ्या. यात कंटाळा चालत नाही, बाळ."

वडील उंच क्रेन चालवत. डॉक्टरांनी त्यांना घरी बसवले होते. वरचा आकडा एकशे साठच्या खाली आल्याशिवाय क्रेनवर चढायचे नाही, अशी अट होती. घरात बापलेक दोघेच. मुलगी रोज सकाळी आकडा वहीत उतरवी: एकशे ब्याऐंशी, एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे चौऱ्याऐंशी. वडील रोज कुरकुरत, "अगं, हात आहे तो माझा, सायकलची ट्यूब नाही!"

नवव्या दिवशी तिला त्यांची दया आली. तिने मनगट धरलेच नाही. पारा एकशे सत्तरपर्यंत चढवला, कानात काही वाजत नाही हे पाहून हळूहळू उतरवला. पहिला ठोका एकशे अठ्ठेचाळीसला वाजला.

"एकशे अठ्ठेचाळीस, बाबा!"

"बघ! उगाच आठ दिवस कोंडून ठेवलंस. माझे बूट कुठायत?"

मित्रांनो, काही रुग्णांत ठोक्यांचा आवाज वर सुरू होतो, मध्येच गप्प होतो आणि खाली पुन्हा उमटतो. तिने मधल्या शांततेपासून मोजायला सुरुवात केली होती. त्या शांततेतही माझा पारा प्रत्येक स्पंदनाबरोबर किंचित थरथरत होता. मला तेवढेच सांगता येते. पण तिचे लक्ष कानांकडे होते आणि कानांना हवे ते ऐकू आले होते.

तिने आकडा लिहिला. वरच्या ओळीत कालचा एकशे चौऱ्याऐंशी होता. औषध तेच, गोळ्या तेवढ्याच. मग एका रात्रीत छत्तीस कुठे गेले? तिने मान वर केली. वडील वाकून बुटाची नाडी ओवत होते. एका हाताने कपाळ दाबून धरले होते आणि नाडीचे टोक दोनदा छिद्राशेजारून निसटले.

"बाबा, थांबा. पुन्हा बघते."

"आता नाही. कामावरची रोजची गाडी खाली आलीय."

"दोन मिनिटं."

"तुला माझं बरं झालेलं बघवत नाही का गं, डॉक्टरीणबाई?"

तिने दारापाशीच स्टूल ओढले, त्यांना बसवले आणि मनगट धरले. एकशे सत्तर. बोटाखाली नाडी उड्या मारत होती. एकशे ऐंशी, नव्वद, अजून होतीच. खालून भोंगा वाजला. दोनशेला नाडी नाहीशी झाली. तिने आणखी तीस चढवले आणि झडप सैल केली.

पहिला ठोका दोनशे चारला पडला.

"मघाशी दीडशे, आता दोनशे! भंगार झालंय ते. फेकून दे!"

मित्रांनो, केवढी सोपी वाट होती ती! नुसती मान हलवली असती, तर दोष माझ्यावर गेला असता.

"यंत्र ठीक आहे, बाबा. चुकले मी. तुमचा हात दुखतो म्हणून नाडी बघितली नाही. बूट काढा. आपण दवाखान्यात जातोय."

त्यांनी बूट काढले. मग खिडकीतून ओरडले, "निघा तुम्ही! मला डॉक्टरांनी अडवलंय."

दवाखान्यातही आकडा दोनशेच्या वरच आला. त्यांना तिथेच ठेवून घेतले, औषध बदलले. क्रेनवर ते सव्वा महिन्याने चढले.

आता मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात शिकते आणि घरी बॅटरीवरचे नवे यंत्र आले आहे. मी कपाटावर असतो. माझा रबरी फुगा चिरला आहे. मित्रांनो, एकच विनंती. मला कचऱ्यात फेकू नका. माझा पारा विषारी आहे. तो गोळा करणाऱ्यांच्या हाती मला बंद पेटीसकट द्या. आणि न आवडणारा आकडा दिसला, तर यंत्राला शिव्या देण्याआधी स्वतःचे हात तपासा.

वसतिगृहावर जाताना मुलीने मला नेले नाही. वही मात्र नेली. तिच्यात एकशे अठ्ठेचाळीस अजून वाचता येतो, तिने तो गिरगटून झाकला नाही, त्यावर एकच रेघ मारली आणि शेजारी लिहिले: "नाडी पाहिली नाही. चूक माझी."