राष्ट्राध्यक्षांच्या नाकावरचा चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. माझी डावी काडी सैल झाली आहे आणि हल्ली मी एका मोठ्या टेबलाच्या खणात पडून असतो. आता मी फार थकलो आहे.

चष्मेवाल्याने काचा घासून मला तयार केलं आणि एका तरुण वकिलाच्या नाकावर बसवलं. वकीलसाहेबांनी आरशात बघायचं सोडून आधी पावती वाचली. "विकलेला माल परत घेणार नाही? हे कुठल्या कायद्यात बसतं हो?" त्यांनी विचारलं. चष्मेवाल्याने कपाळाला हात लावला.

साहेबांचं काम म्हणजे पोलिसांनी पकडून नेलेल्या माणसांना भेटणं आणि त्यांची बाजू मांडणं. रोज कोठडीच्या दाराशी आमची फेरी असे. आत बसलेल्या घाबरलेल्या माणसाला ते पहिलं वाक्य हेच सांगत, "वाचल्याशिवाय कुठेही सही करायची नाही." कोर्टात ते मला कपाळावर सरकवत, तेव्हा खोट्या साक्षीदाराला घाम फुटे. त्यांची लेकही पुढे वकील झाली आणि त्याच कोठड्यांच्या पायऱ्या झिजवू लागली. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग साहेब राष्ट्राध्यक्ष झाले. बाकी कुणाच्या नावावर पुढाऱ्यांचं एकमत होईना आणि साहेबांचं कुणाशी वाकडं नव्हतं, एवढंच कारण. पद मोठ्या मानाचं, पण निर्णय सगळे मंत्र्यांचे. साहेबांनी फिती कापायच्या आणि सह्या करायच्या. फोटोत काच चमकते म्हणून मला सारखं उतरवलं जाई. सहीच्या जागी रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत, तरी साहेब कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेत. सचिव घड्याळाकडे बघून म्हणत, "साहेब, फक्त चिठ्ठीपाशी सही हवी होती."

"वाचू तर द्याल की नाही?" साहेब म्हणत.

एके दिवशी एक नवा कायदा सहीसाठी आला. पकडलेल्या माणसाला महिनाभर वकील भेटू शकणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. साहेबांनी तो दोनदा वाचला. राष्ट्राध्यक्षांना कायदा एकदाच परत पाठवता येतो. तो पुन्हा आला की सही करावीच लागते. साहेबांनी तो परत पाठवला. काना-मात्रेचाही फरक न होता तो पुन्हा टेबलावर येऊन पडला.

लेक धावत आली. "बाबा, सही करू नका. राजीनामा द्या."

"मी गेलो तर दुसरा कुणी येईल आणि न वाचता सही करेल."

"आणि तुम्ही वाचून केलीत, तर कोण सुटणार आहे?"

साहेबांनी पुन्हा कायद्याचं पहिलं पान उघडलं.

सहीच्या दिवशी फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा चष्मा काढता?" साहेबांनी मला काढलं नाही. त्यांनी अख्खा कायदा मोठ्याने वाचून दाखवला. मंत्री उभ्याउभ्या पाय बदलत राहिले, एकाने जांभई दिली. मग साहेबांनी सही केली. काय हा बाणेदारपणा, असं दुसऱ्या दिवशी जो तो म्हणू लागला. खोटं कशाला बोलू, माझीही छाती फुगली होती.

काही दिवसांनी लेक अंगातला काळा कोटही न काढता थेट आली.

"एका ड्रायव्हरला उचललंय. त्याची आई कोठडीच्या फाटकाशी उभी आहे. मला आत सोडलं नाही, बाबा. हवालदाराने तुमच्या सहीचा कायदा दाखवला."

"मी तो पूर्ण वाचला होता गं," साहेब हळूच म्हणाले.

"म्हणूनच जास्त राग येतो."

ती गेल्यावर साहेबांनी मला उतरवलं, घडी घातली आणि खणात ठेवलं. आता ते माझ्याशिवायच, चिठ्ठी दिसेल तिथे सही करतात. सचिव खूश आहेत.

मित्रांनो, चष्मा मऊ फडक्याने पुसावा, काचांवर पालथा ठेवू नये, हे तर तुम्ही कराच. पण पुढेमागे तुम्ही मोठ्या खुर्चीत बसलात आणि समोरचा कागद चुकीचा आहे हे दिसलं, तर तो नुसता मोठ्याने वाचून थांबू नका. मी साहेबांना एकही शब्द पुसट दाखवला नव्हता. आणि लेक सांगते, ती आई अजूनही रोज फाटकाशी येऊन उभी राहते.