दहापैकी तीन

गणिताच्या मास्तरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांचा आखडता हात काही सैल झाला नव्हता. मार्कांच्या बाबतीत म्हणतोय मी. त्यांच्याकडून दहापैकी पाच मिळाले की पोरं घरापर्यंत नाचत जायची.

आता आतड्याचा तुकडा काढून त्यांचं पोट शिवलं होतं, आणि सिस्टर येता-जाता विचारायची, "मास्तर, दुखणं दहापैकी किती?"

मास्तर डोळे मिटून, अगदी प्रामाणिकपणे तोलून सांगायचे, "तीन."

तीन म्हणजे झकासच की! सिस्टर ठरलेल्या साध्या गोळ्या देऊन पुढच्या खाटेकडे वळायची. अफूच्या जातीचं जालीम इंजेक्शन डॉक्टरांनी मुद्दाम टाळलं होतं. मागच्या ऑपरेशनला त्यानं मास्तरांची आतडी अशी झोपली की उठता उठेनात, आणि शेवटी नाकातून नळी घालावी लागली. या वेळी चालायचं आणि आतडी जागी करायची. वारा सरला की सुटलो, नाहीतर पुन्हा ती नळी. मास्तर सुरीला भ्यायले नव्हते, पण नळीचं नाव काढलं की त्यांना घाम फुटायचा.

तरी मास्तर जागचे हलेनात. पोट फुगायला लागलं.

"तीनच दुखतंय ना? मग उठत का नाही? नुसता आळस!" सिस्टर वैतागली.

आळस? मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी तिरीमिरीत पाय खाली सोडले आणि चेहरा पांढराफटक पडला.

शेजारी बसलेल्या बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो सिस्टर, यांच्या तीनवर काय जाता! पोटच्या पोरीचा अख्खा पेपर बरोबर होता, तर या माणसानं तिला सहा दिले!"

"अक्षर किरटं होतं," मास्तर कण्हले.

"आणि दुखण्याचे का कापलेत?"

"माझ्यापेक्षा जास्त दुखणारा कुणी असेलच की. त्याच्यासाठी नकोत ठेवायला?"

सिस्टरला हसावं की रडावं कळेना. तिनं डॉक्टरांना विचारून, ऑपरेशनच्या वेळीच पोटाच्या भिंतीत बसवलेल्या दुसऱ्या एका बारीक नळीतून जाणारं बधिर करायचं औषध वाढवून घेतलं. मग मास्तरांच्या हातात उशी दिली. "ही पोटाशी दाबून धरा आणि उठा. आता आकडा नको. दारापर्यंत जाववेल का, एवढंच सांगा."

जाववलं. दाराबाहेरही जाववलं.

"लग्नात माझा हातसुद्धा इतका घट्ट धरला नव्हतात," बायको उशीकडे बघत म्हणाली.

मास्तरांना फस्सकन हसू आलं, टाके ओढले, "आई गं" झालं आणि त्याच झटक्यात, भर व्हरांड्यात, सगळ्यांना ऐकू जाईल असा वारा सरला.

मास्तर लाजून भिंतीकडे वळले. सिस्टरनं टाळ्या वाजवल्या. बायकोला मात्र रडूच कोसळलं. मागच्या वेळची नळी तिनंही पाहिली होती.

"याला किती?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"दहा," मास्तर म्हणाले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

"आणि मला?"

मास्तरांनी एका हातानं उशी सावरली, दुसऱ्यानं तिचा हात घट्ट धरला. "साडेनऊ."

"अर्धा कशाचा कापलात?"

"हसवलंस. टाके ओढले."